होकायंत्राशेजारचा नारळ

या, वाईच पुढे सरकून बसा. मृदंगाला कणीक लागतेय; कीर्तन उभं राहीपर्यंत आमच्या किनाऱ्याची एक कथा ऐका.

दोन हजार तीन सालचा पौष. देवळासमोर ही गर्दी! मधोमध तांब्याचं घंगाळ, त्यात समुद्राचं पाणी, वर तरंगता नारळ. घाटावरून उतरलेले दर्यानाथ महाराज मोरपिसांचा कुंचा फिरवत, आणि नारळ कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंच्यामागे फिरे.

"साक्षात दर्या बसलाय यात! होडीत होकायंत्राशेजारी टांगा. दिशा दाखवणाऱ्यापाशी दिशा राखणारा हवा!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना राहवेना. "महाराज, हेच लोखंडी घमेल्यात करून दाखवाल?"

"शंका आली की दर्या कोपतो, बाई."

"गप ऱ्हवा ओ बाई!" गर्दीच ओरडली.

पहिला नारळ घेतला होडी हाकणाऱ्या धोंडू तांडेलाने. मुलांना हाताने काही घडवता यावं म्हणून बाई जागा शोधत होत्या, तेव्हा ह्याच धोंडूने जाळी बाहेर काढून आपला मांगर, म्हणजे सामान ठेवायचं छप्पर, मोकळा करून दिला होता. "पोरांका मोडूक-जोडूक खंयतरी जागा व्हयी मां, बाई!" स्वतःचं जुनं होकायंत्रही त्याने तिथल्या टेबलावर आणून ठेवलं. मुलं तिथे बंद रेडिओ उघडत, उन्हावर मासळी सुकवायची पेटी बनवत. त्यात धोंडूची उर्वशी सगळ्यांच्या पुढे.

"बाबा, कित्याक व्हयो तुका तो नारळ?"

"अगो, तुझी यंत्रां तुझ्यापाशी. माका माझो दर्यो आसा. ऱ्हवांदे."

त्याच आठवड्यात पहाटे दाट धुकं पडलं. होडी खडपावर, पाण्यातल्या खडकावर, फुटली. खलाशी बाळा पोहून आला. धोंडूही आला, पण भरतीबरोबर.

बाळा कपाळ बडवत होता. "काट्यापरमाणाच हाकलान हो! बंदर म्हणान जातव, तर फुड्यात खडप!"

महाराज म्हणाले, "श्रद्धेत कमी पडला बिचारा." आणि लोकांनी माना डोलावल्या. ते बघून सावित्रीबाई देवळाच्या पायरीवरच बसल्या.

फुटक्या केबिनची फळी किनाऱ्याला लागली. नारळ तिला बांधलेलाच. बापाच्या हातची गाठ उर्वशीला सोडवेना. तिने तो तसाच मांगरात नेऊन टेबलावर ठेवला.

शेजारच्या होकायंत्राचा काटा वळला.

नारळ दूर नेला, काटा उत्तरेला आला. जवळ आणला, पुन्हा वळला. "बाई!" तिने सावित्रीबाईंना हाक मारली. त्यांच्यासमोर शेंडी उपटली, तर खाली गोंदाने चिकटवलेला काथ्या, आणि त्याखाली रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक. असली लोहचुंबकं तिने स्वतः कितीतरी काढली होती.

दोघी नारळ घेऊन देवळासमोर गेल्या. तिथे बाळाने महाराजांच्या हातातला कुंचा हिसकावून मोडला. दांड्यातून लोखंडी सळी पडली. उर्वशीने सगळ्यांदेखत नारळ होकायंत्राजवळ धरला.

"ही दर्याची लीला..." महाराज पुटपुटले.

"लीला? मेल्या, तांडेल खाल्लंस तू आमचो!" बाळा ओरडला.

पोलीस महाराजांना घेऊन गेले. मांगर काही पावलांवर होता. नारळ एकदा तिथल्या होकायंत्राजवळ धरून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

आपल्यालाही ते सुचलं नाही, या खंतीने सावित्रीबाई मांगराला कुलूप लावू लागल्या. उर्वशीने किल्ली काढून घेतली. "बंद नको, बाई. बाबान जाळी पावसात ठेवल्यान, पण जागा दिल्यान."

देवापुढे हात जोडावेत, मीही जोडते. पण पारखून बघू नका, असं देवाने कधी सांगितलेलं नाही. ते सांगतात ते नारळ विकणारे. तेव्हा कुणी काही दिलं, तर होडीत नेण्याआधी मांगरात जा, त्या जुन्या होकायंत्राजवळ धरा. काटा उत्तरेला स्थिर राहिला, की खुशाल निघा. आणि निघताना, पोरांसाठी आपली जाळी उघड्यावर ठेवणाऱ्या धोंडूची एकदा आठवण काढा.