दोघांपुरती सीट

कारभारीला मोटरसायकल घ्यायची होती, यात घरात कुणालाच वावगं वाटलं नाही. १९८१ साल होतं, उन्हाळ कांद्याला त्या वर्षी बरा भाव लागला होता आणि घरातला एकुलता एक पोरगा सव्वीस वर्षांचा होऊन अजून सायकल हाणत होता. पण त्याला कुठली गाडी हवी आहे आणि का हवी आहे, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. चांदवडजवळच्या वस्तीवर चौदा माणसांचं खटलं. त्या खटल्यात लग्नाला वर्ष होत आलं तरी बायकोशी धड बोलायला मिळत नाही, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट झाली?

आणि खरंच मिळत नव्हतं हो. लता चुलीपाशी असली की तिथं आणखी तीन बाया. कांद्याच्या वाफ्यात असली की आणखी सहा. रात्री खोलीत जावं तर कुडापलीकडं सहादूकाका खोकत पडलेले. माहेरी जायची वेळ आली की तिकडून तिचा भाऊ मुऱ्हाळी म्हणून हजर. आणि दोघं बाजाराला निघाली की कुसाआत्या पिशवी घेऊन त्यांच्या आधी दारात!

कुसाआत्या ही कारभारीच्या वडलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि हळूहळू घराचा कारभार तिच्या मुठीत गेला. नव्या जोडप्यानं एकटं हिंडायचं नाही, सोबत वडीलधारं माणूस हवं, ही घराची जुनी रीत. आत्या ती डोळ्यांत तेल घालून पाळायची. बैलगाडीत बसताना सुद्धा ती बरोबर दोघांच्या मधे बसायची.

नाशिकला द्वारकेजवळच्या शोरूममध्ये कारभारी तीनदा एकटा जाऊन आला होता. तिथं एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. इंजिन दोन्हींचं एकच, वाऱ्यानं थंड होणारं, भोवती पत्र्यांच्या चकचकीत पापुद्र्यांची रांग. पण थाट निराळा. एक काळी, ऐसपैस. हँडल उंच, सीट एखाद्या बाकासारखी लांब, मागं कॅरिअर, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायला हूक. शोरूमवाला तिला टूरिंग म्हणायचा. दुसरी लालभडक. हँडल बसकं, टाकी निमुळती आणि सीट एवढी आखूड की चालवणाऱ्याच्या मागं एक माणूस बसलं की संपली. ही स्पोर्ट.

पहिल्यांदा लाल गाडीवर बसला तेव्हा कारभारीच्या अंगावर काटाच आला. तिच्या वेगाचं त्याला अप्रूप नव्हतं असं नाही. पण त्यानं मागं वळून सीटवर तळहात ठेवला, वीतभर जागा मोजली. इथं लता बसेल. आणि लताच बसेल! देवानं जरी मधे बसतो म्हटलं तरी त्याला जागा नव्हती.

त्या दिवसापासून स्वारी जमिनीवर नव्हती. जेवताना डाळीत पाणी ओतून घेतलं तरी कळत नव्हतं.

आता एवढं सगळं मनात धरलेल्या माणसानं काय करावं? गुपचूप जाऊन गाडी घेऊन यावी. पण आमच्याकडं बैल घ्यायचा असो की घड्याळ, घरचे चार जण बघायला गेल्याशिवाय वस्तू घरात येत नाही. तेव्हा गाडी घ्यायच्या दिवशी मळ्यातली जीप ड्रायव्हरसकट भरली. वडील सावळीराम, सहादूकाका, कुसाआत्या, आणि नव्या गाडीला कुंकू सुनेच्या हातचं लागतं म्हणून लता. वर दुधाची एक रिकामी कॅन आणि कांद्याची एक भरलेली गोणी.

‘‘गोणी कशापायी, दादा?’’ कारभारीनं वडलांना विचारलं.

‘‘गाडीवर बसती का नाय ते बघाया नको?’’ सावळीराम म्हणाले.

शोरूममध्ये वरात शिरली. सहादूकाकांनी आधी दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घातली आणि इंजिनात पाणी कुठून ओतायचं ते विचारलं. पाणी लागत नाही, चालती राहिली की वारा लागून आपोआप गार होते, असं शोरूमवाल्यानं सांगितलं.

‘‘आन उभी राहिली तर?’’

‘‘तर तुम्हीही सावलीत उभे राहा, काका.’’

काका खूश झाले. मग कॅन आली. काळ्या गाडीच्या हुकाला ती अशी बसली की जणू तिथंच घडवली होती. गोणी कॅरिअरवर बसली. लाल गाडीवर गोणी ठेवली ती घसरून शोरूमवाल्याच्या पायावर पडली आणि कांदे फरशीभर झाले.

‘‘झालं की,’’ सावळीराम म्हणाले, ‘‘काळी घ्यायची.’’

कारभारी घाईघाईनं बोलू लागला. लाल गाडी हलकी, पेट्रोल कमी पिते, चढाला जोरात जाते, रंग उन्हात विटत नाही. यातलं निम्मं त्यानं तिथल्या तिथं रचलं होतं. शोरूमवाला त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. लता भिंतीपाशी कुंकवाचा करंडा धरून उभी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी कारभारीची ती धडपड बघून तिनं मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. तिला हसू येत होतं की रडू, कारभारीला कळेना.

‘‘बोलून कशाला दमतोस? बसून बघू,’’ सावळीराम म्हणाले. ‘‘चल, बस काळीवर. अक्का, तू बस मागं. आन सूनबाई, तू तिच्या मागं.’’

कारभारी पुढं बसला. कुसाआत्या नऊवारी सावरत मधे बसली. लता एका अंगानं शेवटी टेकली. तिघं मावली. चौथं लेकरू टाकीवर मावलं असतं! सहादूकाकांनी टाळीच वाजवली. कारभारीनं हँडल सोडून दिलं. संपलं सगळं. आता पुढची वीस वर्षं आत्याचा गुडघा आपल्या कमरेत आणि लता तिच्यापलीकडं, असं त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याला रडायलाच येऊ लागलं.

काळ्या गाडीला दोन्ही बाजूंना गोल आरसे होते. कुसाआत्यानं सहज एका आरशात पाहिलं. त्यात कारभारीचं पडलेलं तोंड होतं. मग तिनं मान वळवून लताकडं पाहिलं. लता कडेला अंग चोरून बसली होती आणि आत्याच्या खांद्यावरून कारभारीच्या पाठीकडं बघत होती.

आत्यानं पदर खोचला. मग खाली उतरली.

‘‘काय झालं, अक्का? बसवत नाय का?’’ सावळीरामांनी विचारलं.

‘‘लय झ्याक बसवतं,’’ आत्या म्हणाली. ‘‘म्हणूनच नको.’’

कुणालाच काही समजलं नाही. आत्या लाल गाडीपाशी गेली आणि तिनं त्या आखूड सीटवर हात ठेवला, अगदी कारभारीनं ठेवला होता तिथंच.

‘‘सावळ्या, माझी सासू बी अशीच मधी बसायची. गाडीत मधी, जत्रंत मधी. दोन वर्सं संसार केला मी. नवरा गेल्यावर समद्या बाया त्याच्या आठवणी सांगून रडायच्या, आन मी गप. मला सांगायला काय बी नव्हतं. धा वाक्यं बी बोललो नव्हतो आमी.’’ तिनं पदरानं नाक पुसलं आणि एकदम आवाज चढवला. ‘‘ही लाल घे. दूध जीपमधनं जाईल.’’

सावळीरामांनी खाली बघत टोपी काढली, पुन्हा घातली. घरात आत्याच्या शब्दापुढं कुणाचं काही चालत नव्हतं आणि आज तर कुणाला चालवायचंही नव्हतं. कारभारी आत्याच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं त्याला ‘‘सर, कांदे गोळा कर आधी’’ म्हणून ढकललं.

लतानं गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. पहिल्या लाथेत गाडी सुरू झाली आणि तिच्या आवाजानं शोरूमच्या काचा थरथरल्या. आग्रा रोडला लागताना जीप मागंच होती. पण आडगावच्या पुढं एका रसवंतीपाशी आत्यानं ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली.

‘‘मला रस प्यायचाय. तुमी व्हा पुढं!’’ ती ओरडली.

‘‘अगं, तुला रसानं खोकला होतो,’’ सावळीराम म्हणाले.

‘‘होऊ दे!’’

आणि मग रस्ता मोकळा झाला. कारभारीनं गाडी सोडली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, तोंडावर गरम वारा, खांद्यावर लताचा हात. अहाहा! ओझर कधी गेलं कळलं नाही. आणि मागं लता बोलत होती. वर्षभर साठवलेलं सगळं एकदम सुटल्यासारखी बोलत होती. फक्त वारा आणि सायलेन्सर यांच्या पुढं कारभारीला त्यातला एक शब्द ऐकू येईल तर शपथ!

शेवटी त्यानं एका कडुलिंबाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

‘‘आता बोल,’’ तो म्हणाला. ‘‘पहिल्यापासून बोल.’’

लता लाजली. तिनं रस्त्यावर दूरवर नजर टाकली. जीप कुठंच दिसत नव्हती.

‘‘तुमाला वांग्याची भाजी आवडत नाय ना?’’ ती म्हणाली. ‘‘खाताना तोंड कसं करता! मग वर्सभर खाता कशापायी?’’

कारभारी सीटवरच मागं वळला. ‘‘मला वाटलं तुला आवडते. तू सारखी करतीस म्हणून.’’

‘‘मला? मला तर तिचा वास बी सोसत नाय. तोंड करता तरी ताट पुसून खाता, म्हणून मला वाटलं, तुमाला आवडती!’’