लसींच्या फ्रिजची राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाने एकामागून एक काय करायचं, ते सांगणाऱ्या थोड्याशा ओळी. मला ना रंग, ना रूप. दवाखान्याच्या औषधखोलीत बाळांच्या लसींचा फ्रिज आहे, त्याची राखण करणं हे माझं काम. फ्रिजचं तापमान एका फाइलमध्ये नोंदलं जातं. ती मी सारखी वाचते आणि पारा वर चढला की भोंगा वाजवते.

औषधखोली सांभाळणाऱ्या ताईंच्या धाकट्या भावाने मला लिहिलं. तेव्हाच्या संगणकावर युनिक्सच्या घराण्यातली, विंडोजहून निराळ्या रीतीची प्रणाली होती, तिथे मी सुखाने नांदले. दार जरा उघडं राहिलं की मी बोंब ठोकायचे. कारकूनकाका कानांवर हात ठेवायचे, "झाली हिची कटकट सुरू!" ताई म्हणायच्या, "ओरडू द्या हो. ती गप्प आहे म्हणजे फ्रिज बरा आहे." ही शाबासकी ऐकून मी फुगून जायचे. तीच पुढे माझ्या जिवावर उठली.

जुना संगणक मोडीत गेला, विंडोजचा आला. मला चालवणारं साधन त्यावर बसवून भाऊ दूरच्या नोकरीवर रुजू झाला. फाइलचं नवं ठिकाण माझ्यात लिहायचं तेवढं राहिलं होतं. ते काकांनी केलं. विंडोजमधल्या लिहायच्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये मला उघडलं, एक ओळ बदलली, जतन केलं. झालं! त्या प्रोग्रॅमने माझ्या प्रत्येक ओळीच्या टोकाला विंडोजच्या रीतीची एक जादा खूण चिकटवली, डोळ्यांना न दिसणारी. मी फाइल मागायचे, तर नावाला ते शेपूट लागलेलं. अशा नावाची फाइल कुठून असणार? मी पहिल्याच पावलावर कोसळायचे, तेही पडद्याआड. कुणाला पत्ताच नाही.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून धडधडतं. काका म्हणायचे, "नव्या संगणकाने खोली कशी शांत झाली!" ताईही निर्धास्त. बाहेर बाकांवर बाळं रडायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा. माझं गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक, असं ठरलेलं. मग समाधानी मी आणि मेलेली मी, यांतला फरक कोण ओळखणार?

एका सकाळी लसी बर्फाच्या डब्यात हलवून ताईंनी फ्रिज पुसायला घेतला. दार सताड उघडं. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"काका, आज ही ओरडली कशी नाही?"

त्यांनी तडक भावाला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून मला डोळ्यांसमोर, उघड्या खिडकीत चालवलं.

"फाइल सापडत नाही म्हणतेय. अरे, समोर तर आहे!"

"कुणी हिला उघडून जतन केलं होतं का गं?"

काकांचा चेहरा उतरला. "मी फक्त ठिकाण बदललं हो. बाकी एका अक्षराला हात लावला नाही."

"तुमचं काही चुकलं नाही, काका. ओळींना विंडोजची खूण लागली असणार. ताई, मी सांगतो ती आज्ञा दे, निघून जाईल."

शेपटं गळाली. मी धावत फाइल गाठली, राहिलेल्या सगळ्या नोंदी वाचल्या आणि जीव तोडून भोंगा वाजवला. आदल्या दुपारी दार किलकिलं राहून फ्रिज बराच वेळ गरम झाला होता! त्यानंतर एकही लस टोचली गेली नव्हती. पण आजच्या आया बाकांवर येऊन बसल्या होत्या.

ताई बाहेर गेल्या. "आज लस देता येणार नाही. नवीन मागवतेय. चूक आमची आहे."

"मी रजा काढून आलेय हो!" एक आई चिडून म्हणाली. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग आत येऊन सगळ्या कुप्या बाद केल्या.

आता भावाने माझ्यात आणखी एक ओळ घातली आहे. सगळं ठीक असलं तरी रोज सकाळी मी बारीकसा आवाज करते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तोंडातून अवाक्षर न काढता राबत असेल. ते गप्प आहे म्हणून बरं आहे, असं धरून चालू नका. कधीतरी विचारा.

ताई रोज विचारतात. माझा आवाज येईपर्यंत खोळंबतात, "आहेस ना गं?" म्हणतात, आणि मगच फ्रिजचं दार उघडतात.