थरथर नेहमी किरकोळच

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत वाईट इंग्रजीमुळे आजवर कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी साहेबांनी इंग्रजी सुधारायला माणूस नेमला. अहवाल मुख्य ऑफिसात इंग्रजीतून जात, आणि आपल्या मेकॅनिकांचं इंग्रजी वाचलं की साहेबांना म्हणे मान खाली घालावी लागे. नेमलेला माणूस टाय लावून आला आणि पहिल्याच तासाला म्हणाला, "इंग्रजीत नाम एकटं हिंडत नाही. त्याची जोडी ठरलेली असते." दुपारच्या चहापर्यंत त्यांचं नाव जोडीसर पडलं होतं.

चहा म्हटला की स्ट्राँग. पाऊस म्हटला की हेवी. ट्रॅफिकही हेवी, पण वारा परत स्ट्राँग.

"हेवी वारा म्हणालात तर इंग्रज हसेल," जोडीसर म्हणाले.

"कुठला इंग्रज, सर?" उस्तादांनी विचारलं. उस्ताद म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. "तो हसला तर लिफ्ट अडकते का?"

मोजपट्टीला मात्र हे जोड्यांचं प्रकरण आधी आवडलं होतं. ती नुकतीच इंजिनिअर होऊन आलेली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. दिसेल त्या गोष्टीला गेज लावायची, म्हणून मेकॅनिकांनी तिला हे नाव चिकटवलेलं. तिने विचारलं, "सर, चहा आणि वारा दोघांना एकच विशेषण, आणि पावसाला वेगळं, असं का?"

"का विचारायचं नाही. सवय आहे लोकांची."

हे उत्तर तिला प्रामाणिक वाटलं. पाऊस कुणी काट्यावर ठेवला नव्हता. लोकांच्या तोंडी बसलं आणि तेच बरोबर ठरलं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. घरी येऊन ती वर्तमानपत्रातल्या जोड्या हुडकत बसायची, आणि आई म्हणायची, "स्वतःची जोडी कधी बघणार आहेस?"

बिनसलं ते भिंतीवर तक्ता लागला तेव्हा. अहवालात कुठल्या नामाला काय जोडायचं ते जोडीसरांनी ठरवून टाकलं होतं. प्रॉब्लेम स्मॉल. डिले स्लाइट. लीकेज मायनर. व्हायब्रेशन पुन्हा स्लाइट. कंडिशन मात्र गुड.

"आणि व्हायब्रेशन जास्त असेल तर?" मोजपट्टीने विचारलं.

"व्हायब्रेशनला स्लाइटच शोभतं."

"शोभतं? सर, ती काय साडी आहे? मीटर लावला की कळतं किती आहे ते."

"बेटा, तुझ्या जन्माआधीपासून मी इंग्रजी शिकवतोय. आपल्या कंपनीच्या इतक्या अहवालांत 'सिव्हियर व्हायब्रेशन' मी एकदाही वाचलं नाही. यावरून काय ते समज."

ती जे समजली ते सरांना अभिप्रेत नव्हतं. ज्या घरात तापमापक फोडून ठेवलाय, तिथे ताप कुणालाच येत नाही. पण सर हे पुरावा म्हणून सांगत होते, छाती पुढे काढून, आणि मागे बसलेले साहेब मान डोलावत होते. सवयीने चहाचं नाव ठरतं तसं सवयीने यंत्राचं आरोग्य ठरवायला निघालेली ही दोन डोकी! एकाला यंत्र कळत नव्हतं, दुसऱ्याला कळत असून परवडत नव्हतं.

त्याच आठवड्यात ती उस्तादांबरोबर हाडांच्या दवाखान्यात तपासणीला गेली. चार मजली इमारत, दवाखाना सगळ्यात वर, आणि लिफ्टमधून चढणारा प्रत्येक दुसरा माणूस कुबडीवर. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये उस्तादांनी लिफ्टच्या पोलादी दोरावरून फडकं फिरवलं, तर फडकं अडकून फाटलं. तुटलेल्या तारा काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. तिने दोराची जाडी मोजली, पुन्हा मोजली, आणि गेज खिशात घातला.

"बोल," उस्ताद म्हणाले.

"आजच बंद करायला हवी."

"मेन स्विच मी आत्ताही पाडेन. पण साहेबांच्या सहीशिवाय पाडला तर अर्ध्या तासात कुणीतरी परत चढवेल. आधी सही आण."

तिने अहवालात लिहिलं: सिव्हियर व्हायब्रेशन, डॅमेज्ड रोप्स, लिफ्ट ताबडतोब बंद करा. सकाळी तो जोडीसरांच्या हातून सजून परत आला. स्लाइट व्हायब्रेशन, नॉर्मल वेअर म्हणजे नेहमीचीच झीज, गुड कंडिशन. शेवटचं वाक्य नव्हतंच.

"ते जरा उद्धट वाटत होतं," सर म्हणाले.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिचा मूळ कागद साहेबांच्या टेबलावरच होता, म्हणजे त्यांनी तो वाचला होता.

"आज दुपारी त्यांच्याशी कंत्राटाची बोलणी आहेत," साहेब म्हणाले. "सही होऊ दे, मग दोर बदलू."

"आणि तोवर?"

"तोवर स्लाइट." ते हसले. "महिनाअखेरीस तुझं कन्फर्मेशन आहे ना? मग तोंडाला जरा कुलूप घाल. बोलणी मी करणार, तू फक्त फाइल धर."

दुपारी साहेब, कंत्राटाचं इंग्रजी बघायला आलेले जोडीसर आणि मोजपट्टी असे तिघं दवाखान्याच्या तळमजल्यावर उभे राहिले. उस्ताद आधीच गच्चीवर जाऊन बसले होते. लिफ्ट आली, दार उघडलं. मोजपट्टीने अदबीने बाजूला होऊन हात केला. "या साहेब. गुड कंडिशन आहे."

साहेबांनी लिफ्टच्या आत एकदा पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे. मला डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय. गुडघ्यांसाठी."

"गुडघ्यांसाठी जिने? हे डॉक्टर याच दवाखान्यात बसतात का?"

साहेब पहिली पायरी चढलेसुद्धा. जोडीसरांचा एक पाय लिफ्टकडे निघाला होता. त्यांनी साहेबांच्या पाठीकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा विशेषण बाजूला ठेवून अर्थ वाचला. पाय मागे आला. मोजपट्टीही जिन्यानेच गेली. ती रागावली होती, वेडी नव्हती.

चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर सरांचा टाय खिशात गेला होता आणि साहेबांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या मॅडम दारातच उभ्या होत्या.

"अहो, घामाने निथळताय! लिफ्ट बंद आहे का?"

"छे, छे," साहेब धापा टाकत म्हणाले. "उत्तम चालू आहे. हे आपलं... व्यायाम."

तेवढ्यात पायाला मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या एका काकांची चाकाची खुर्ची वॉर्डबॉयने लिफ्टपाशी आणली आणि बटण दाबलं. मोजपट्टीने फाइल खाली टाकली आणि दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. यातून नका जाऊ."

"तिला सोडा, नवीन आहे," साहेब घाईने म्हणाले. "किरकोळ थरथर आहे, दुसरं काही नाही."

मॅडमनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या भिजलेल्या कॉलरकडे. "असं करा," त्या म्हणाल्या, "काकांबरोबर तुम्हीच खाली जाऊन या. दोन मिनिटांचं काम. तोवर मी सही करून ठेवते."

दार उघडं होतं. साहेब हलले नाहीत. जोडीसर भिंतीवरचा हाडांचा तक्ता फार बारकाईने वाचू लागले.

"बंद करा ही लिफ्ट," मॅडम म्हणाल्या. "आत्ता."

मोजपट्टीने उस्तादांना फोन लावला आणि लिफ्टमधला दिवा गेला.

"वा!" काका कडाडले. "आता मला खाली कोण नेणार? तुझा बाप?"

"आम्ही नेतो, काका."

खुर्चीच्या एका बाजूला उस्ताद आणि वॉर्डबॉय, दुसऱ्या बाजूला साहेब आणि जोडीसर. मॅडमनीच तशी वाटणी करून दिली, आणि कंत्राट अजून त्यांच्या हातात होतं. मोजपट्टी पुढे राहून प्लास्टरचा पाय सांभाळत होती.

"जड आहे का हो?" दुसऱ्या मजल्यावर काकांनी सरांना विचारलं.

"थो... थोडंसं."

"थोडंसं? अहो, शंभर किलोचा आहे मी! नीट धरा!"

साहेब तिच्या खांद्यामागून दातओठ खात पुटपुटले, "तुझं प्रोबेशन वाढलंच समज."

"समजले," मोजपट्टी म्हणाली. "डावीकडे वळा साहेब, पुढे पायरी आहे."