चौथ्या पानावरची ओळ

"तुझी ओळ तुला सापडेल ना?" क्रेनसाहेबांनी विचारलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"सापडेल, साहेब."

"मी कॉफी प्यायला चाललोय. अर्धा तास लागेल. परत आल्यावर मी पान बघणार नाही. समजलास?"

ओडेल मॅब्री समजला. क्रेनसाहेब गावच्या साप्ताहिकाचे मालक आणि संपादक. पहिल्या पानावरचा अग्रलेख ते स्वतः लिहीत, आणि छापून आला की स्वतःच दोनदा वाचत. चौथं पान ते कधीच बघत नसत. तिथे सरकारी नोटिसा असत: हरवलेली गुरं, जमिनींचे लिलाव, आणि गेल्या वर्षी कायदा झाल्यापासून मतदार होऊ पाहणाऱ्यांची नावं. मिसिसिपीच्या विधिमंडळानं ठरवलं होतं की अर्जदाराचं नाव आणि पत्ता लागोपाठ दोन आठवडे पेपरात यावा, म्हणजे त्याच्या चारित्र्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर सोय होईल. काळ्या माणसाचं चारित्र्य एरवी कुणाच्या खिजगणतीत नसे. नाव छापून आलं की गुरुवार दुपारपासून ते झपाट्यानं ढासळे.

ओडेलचं नाव गेल्या गुरुवारी पहिल्यांदा आलं. आज दुसरा गुरुवार.

एकोणीस वर्षं तो या छापखान्यात होता. झाडणं, फर्म्यांवरची, म्हणजे चौकटीत आवळलेल्या शिशाच्या ओळींवरची, शाई रॉकेलनं धुणं, अंकांचे गठ्ठे बांधून पोस्टात नेणं, आणि छापून झालेल्या ओळी शुक्रवारी भट्टीत वितळवणं, ही त्याची कामं. वाचता येतं का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. फर्मे धुताधुताच तो शिकला. त्याला अक्षरं आधी उलटी आली, सुलटी नंतर. गेल्या आठवड्यात आपल्याच नावाचे गठ्ठे त्यानं बांधले आणि आपल्याच पाठीवरून पोस्टात पोचवले.

सोमवारी परिणाम दिसला. त्याची बायको व्हर्डी पाच घरांची धुणी करी. तीन घरांनी टोपल्या पाठवल्याच नाहीत. चौथी बाई स्वतः गाडी घेऊन आली.

"ओल्या चादरी घेऊन गेली," व्हर्डी म्हणाली. "पिळूसुद्धा दिल्या नाहीत. माझ्या साबणाच्या फेसासकट नेल्या."

"साबण तरी मागून घ्यायचास."

"मॅब्री, मस्करी सुचतेय तुला? तो हार्डवेअरवाला ट्रक घेऊन तीनदा गेला दारावरून. तिसऱ्यांदा टोपी उचलून रामराम घातला मला. बारा वर्षांत त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि आता रामराम!" तिचा हात एप्रनमध्ये गुंडाळला गेला होता, तो सुटेना. "क्रेनला कळलं?"

"तो चौथं पान वाचत नाही."

"वाचून दाखवणारे मेलेत का?"

मेले नव्हते. आज सकाळी हार्डवेअरवाल्याचा फोन आला, मग गाड्यांच्या दुकानदाराचा. दोघांनाही आपल्या जाहिरातींची जागा एकाएकी आवडेनाशी झाली होती. क्रेनसाहेबांनी ओडेलला आत बोलावलं.

"ओडेल, मी तुला घरचा माणूस समजत होतो. मला आधी सांगायचंस."

"तुमच्याच पेपरात दिलं होतं, साहेब."

"तुला वाचता येतं?"

"थोडंफार."

"कधीपासून?"

"सतरा-अठरा वर्षं झाली असतील."

क्रेनसाहेबांच्या चेहऱ्यावरून टेबलावर उघडी टाकलेली अठरा वर्षांची पत्रं एकेक करून सरकून गेली. मग ते खिडकीकडे बघत बोलू लागले.

"मला तुला ठेवायचंय. पण दुकानदार गेले तर पेपर जाईल. दुसऱ्यांदा नाव आलं नाही की अर्ज आपोआप बाद. कुणी काढलं नाही, कुणी वगळलं नाही. छापखान्यात ओळी गळतातच."

आणि ते कॉफीला गेले.

ओडेलनं खुंटीवरची चावी घेतली, चौथ्या पानाचा फर्मा सैल केला आणि आपली ओळ चिमटीनं उचलली. आख्खा ओडेल मॅब्री, पत्त्यासकट, करंगळीएवढ्या लांबीचा होता. रिकाम्या जागी त्यानं शिशाची कोरी पट्टी बसवली. ओळ एप्रनच्या खिशात टाकली. झालं. घड्याळात अजून बावीस मिनिटं होती. त्यानं झाडायला घेतलं.

चोपन्न वर्षांच्या माणसाला या गावात दुसरं काम मिळणार नव्हतं. मतदारांची नोंद करणाऱ्या कोर्टातल्या बाईंनी आधी दोनदा त्याच्या तोंडावर खिडकी लावली होती, जेवणाची सुट्टी म्हणून, सकाळी साडेनवाला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, राज्यघटनेतलं एक कलम समजावून लिहायला सांगितलं. त्यानं दीड पान लिहिलं. बाईंनी ते बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. ते दीड पान आता फुकट. पण व्हर्डीच्या टोपल्या परत येतील. येतील का?

झाडताना ओळ मांडीला लागत होती. त्यानं ती बाहेर काढली. दोनदा छापायची म्हणून ती वितळवली नव्हती, आणि अक्षरांत गेल्या आठवड्याची शाई सुकून बसली होती. म्हणूनच सकाळच्या कच्च्या छापात नाव फिकट उठलं होतं! धुतलेलं नव्हतं, आणि धुणं हे त्याचंच काम. त्याला लाज वाटली. ब्रश घेऊन रॉकेलनं त्यानं ओळ घासली. अक्षरं उघडी पडली, उलटी, जशी त्याला पहिल्यांदा आली होती तशी. या हातांनी त्यानं गावातल्या सगळ्यांची नावं धुतली होती. नगराध्यक्षांचं, नवरीमुलींचं, मेलेल्यांचं. काळ्या माणसाचं नाव येई ते पकडला गेल्यावर. मेल्यावरसुद्धा येत नसे. मताचा हक्क मागितल्यावर आलेलं, ते हे असं.

बाहेर बुटांचा आवाज झाला. फर्मा त्याच्या ओळखीचा होता. कोरी पट्टी निघाली, ओळ बसली, चावी फिरली.

क्रेनसाहेब शब्दाला जागले. पान न बघता त्यांनी यंत्र सुरू करायला लावलं. पहिला अंक हातात घेतला, अग्रलेख अर्धा वाचला, आणि मग बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा चौथं पान उघडलं. यंत्र धडधडत राहिलं.

"ठळक आलंय," ते शेवटी म्हणाले.

"धुतलं, साहेब."

"गठ्ठे बांधून जा. उद्यापासून येऊ नकोस."

ओडेलनं सगळे गठ्ठे नेहमीसारखी दुहेरी गाठ मारून बांधले आणि पोस्टात पोचवले. त्याचं चारित्र्य कसं आहे ते आता कोर्टातल्या बाई सवडीनं ठरवणार होत्या.

शुक्रवारी भट्टी क्रेनसाहेबांनी स्वतः पेटवली. चौथ्या पानाचा फर्मा मात्र सोमवारपर्यंत दगडी मेजावर तसाच आवळलेला पडून होता. फर्म्याची चावी ओडेलनं खुंटीवर, धुतलेल्या एप्रनखाली, नेहमीच्या जागी टांगली होती. नेहमीची जागा कुठली, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.