लखोट्यातली रेघ

रेडिओ दुर्बिणीच्या रिसीव्हरला हात लावायची मुभा दोघांनाच, मोहिमेचे प्रमुख असलेल्या सरांना आणि यंत्र सांभाळणाऱ्या मिस्त्रीला. दर मोहिमेत एक खोटी रेघ, म्हणजे बनावट संकेत, गुपचूप निरीक्षणांत सोडायची, तिची कंप्रता लखोट्यात बंद करायची आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर लखोटा फोडायचा, अशी तिथली रीत. शोधणारे जागे आहेत की पेंगताहेत, ते त्यातून कळायचं. या खेपेची रेघ सरांच्या सांगण्यावरून मिस्त्रीनंच सोडली होती.

ती नेमकी सापडली पोरीला. संशोधकांत सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे पोरगीच म्हणत.

शोध होता ॲक्सिऑनचा. हा कण असलाच, तर न्यूट्रॉन ताऱ्याच्या जबर चुंबकी क्षेत्रात त्याचा प्रकाशकण होतो आणि दुर्बिणीत बारीक रेघ उमटते. वीस वर्षं गाडी त्या ‘असलाच तर’पाशी अडली होती.

"मिस्त्रीकाका, लखोट्यातली नाही हो ही!" पोरगी धावत आली. "खोटी रेघ जागची हलत नाही. ही पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सरकतेय, म्हणजे आकाशातूनच येतेय. तुमचं यंत्र तर चावटपणा करत नाही ना?"

"यंत्र ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला. ते खरंच होतं. खोटी रेघही सरकवायची युक्ती सरांनी या वेळी त्याच्याकडून नव्यानं करून घेतली होती.

त्याच आठवड्यात तिचे वडील दवाखान्यात दाखल झाले. ती रजा मागायला आली तेव्हा मिस्त्री कोपऱ्यात पाना घेऊन बसला होता.

"जा की," सर हसून म्हणाले. "पण तपासणीला दुसरा बसला, तर शोधावर नाव त्याचं लागेल. बघ बाई."

पोरीनं मिस्त्रीकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. पण त्याची नोकरी दोन महिन्यांत संपत होती आणि मुदतवाढीचा कागद सरांच्या टेबलावर होता. मिस्त्री मूग गिळून बसला. ती राहिली.

अकराव्या दिवशी वडील गेले. ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. चार दिवसांनी परत येऊन ती पुन्हा रेघेला भिडली.

शेवटच्या दिवशी सरांनी लखोटा फोडून आकडा वाचला. पोरीचाच आकडा. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग टाळ्या पडल्या.

"शाबास!" सर म्हणाले. "आपली पद्धत चोख आहे, हे तरी सिद्ध झालं!"

पोरीनं सरांकडे पाहिलंच नाही. ती मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नियम आहे, पोरी. सांगता येत नाही."

"फोनवर मी बाबांना विचारलं होतं, सगळं टाकून येऊ का म्हणून. ते म्हणाले, मिस्त्रीकाका आहेत ना तिथे? मग येऊ नकोस. ते तुला फसू देणार नाहीत."

संध्याकाळी सरांनी मिस्त्रीच्या मुदतवाढीच्या कागदावर सही केली. असा तोंड मिटून राहणारा माणूस पुढच्या रेघेलाही लागणार होता.