श्रावणातली गोळी

"आजोबा, उठ ना!" रुपानं पुन्हा हात ओढला आणि नवशाबाबा पुन्हा पाटावरून अर्धवट उठून खाली बसले. पोरीला तो खेळच वाटला. टाळ्या पिटत ती खिदळली. बाबाही हसले, पण हसताना त्यांनी दोन्ही मांड्या हातांनी दाबून धरल्या होत्या, हे सारिकानं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं.

पाहणं हा सारिकाचा स्वभावच होऊन बसला होता. रुपा झाल्यापासून तिच्या डोळ्यांना सुट्टी नव्हती. ताप नसताना पोरीच्या कपाळाला हात लावायचा, ती शांत झोपली की नाकापाशी बोट धरायचं. शहापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या बायकोची वाशिंदच्या कारखान्यात जाणारा सुनिल चेष्टा करायचा. "तू पोलिसात जायला पायजे होतीस," म्हणायचा. पण गेल्या वर्षापासून त्या डोळ्यांना आणखी एक काम लागलं होतं. सासऱ्याचं.

नवशाबाबा हळदीचे आचारी. इकडं लग्न दुसऱ्या दिवशी लागतं, पण लोक लक्षात ठेवतात ते हळदीचं मटण. सापगावापासून थेट मुरबाडपर्यंत कुणाच्या अंगणात मांडव पडला की पहिलं बोलावणं देवाला आणि दुसरं नवशाबाबांना. माणूस बोलायला कमी. चुलीवर टोप चढला की त्याच्या कडेनं सावकाश फिरत राहायचं, मधेच डावातला रस्सा तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटायचे. त्यांचे डोळे उघडेपर्यंत अख्खा मांडव गप्प असायचा, असं सुनिल सांगे. गेल्या साली अशाच एका मांडवात, छातीवर भरला टोप ठेवावा तसं त्यांना झालं. कल्याणला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. सासूबाई आधीच गेलेल्या. तेव्हा गोळ्यांचा डबा आपोआप सारिकाकडं आला. गोळ्या ती वाटीत काढून ठेवायची, बाबा जेवून उठले की घ्यायचे. ती भांड्यांकडं वळायची. तेवढंच तिच्या नजरेतून सुटलं होतं.

दुपारी पाऊस थांबून पिवळंधमक ऊन पडलं. मागच्या अंगणात श्रावणासाठी धुवून पालथे घातलेले मोठमोठे टोप पाणी पिऊन झोपलेल्या हत्तींसारखे दिसत होते. बाबा त्यांच्याशेजारी पाय पसरून बसले होते. सारिका पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. ओल्या मातीची, राखेची आणि भाताच्या हिरवेपणाची मिसळलेली झोपाळू हवा. डोळे मिटावेत आणि मिटलेलेच राहावेत अशी.

तेवढ्यात कुंपणापाशी शेजारचा बुधू आला. भाताच्या बेणणीचा चिखल अजून पोटऱ्यांवर होता.

"नवशादा, ती पांढरी गोळी हाय का रे शिल्लक? गटारीला दिलीस ती?"

बाबांनी डोळ्यांनी खुणावलं. बुधूला खुणा कधीच कळत नसत.

"अरे चरबीची! सगळ्या पंगतीला सुपारीगत वाटलीस ती. काय गुण आला! एवढं मटण हाणलं, पण एक आंबट ढेकर नाय."

"आता कशाला तुला? श्रावण हाय ना?"

बुधूनं इकडंतिकडं पाहिलं. "काल अंडं खाल्लं. कांदा घालून. घरात बोलू नको हां."

"अंड्याला लागत नाय गोळी," बाबा गंभीरपणे म्हणाले. "मटणालाच लागते."

सारिकाच्या हातातलं सूप थांबलं. तांदळाचे चार दाणे घरंगळत जमिनीवर गेले. ते तिनं उचललेही नाहीत.

दिवेलागणीला बाबांना लवकर वाढून तिनं वाटी पुढं ठेवली आणि आज भांड्यांकडं वळली नाही. बाबांनी दोन गोळ्या उचलून पाण्याबरोबर घेतल्या. तिसरी, पांढरी, बोटानं हळूच बाजूला सारली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ती का नाही घेतली?"

"ऱ्हाऊ दे ना. श्रावण लागला."

"श्रावणाचा काय संबंध, बाबा?"

बाबांना तिच्या शिक्षणाची कीव आली असावी. "ह्या दोन काळजाच्या, त्या मी रोज घेतो. चुकवलीय का कधी? ही चरबीची. वशाट खाल्लं का वरून ही घ्यायची, म्हंजे उतारा पडतो. भाजी-भाकरीवर कशाला? चांगलं औषध फुकट जाळायचं?"

"आणि हळदी नसतात तेव्हा?"

"तेव्हा नाय."

"गटारीला किती घेतल्या?"

बाबा रुपाच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "तीन. दोन टोप होते गो. दोन्ही चाखायचे म्हंजे खाल्ल्यासारखंच की."

"आणि लोकांना वाटल्या!"

"मी खाऊ घातलं, तर उतारा पण मीच द्यायला नको?"

हसावं की रडावं तिला कळेना. या माणसानं गोळीलाही पंगतीत बसवलं होतं. जेवण मोठं तर गोळ्या जास्त, उपास असला तर काहीच नाही. आणि आपण रोज वाटी रिकामी बघून समाधानानं झोपत होतो.

"पाय कधीपासून दुखतात?"

"कोण म्हणतं दुखतात?"

"रुपा म्हणते. आजोबा उठत नाही म्हणते."

पोर आजोबाच्या मांडीवर डोकं ठेवून कधीच झोपली होती. बाबांनी तिच्याकडं पाहिलं.

"उद्या शहापूरला जाऊ. डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"नाय." बाबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्या काय बोलतील मला ठाव हाय. टोप सोडा, बोलतील. तुळशीच्या लग्नानंतर बुधूच्या पोरीची, छायाची, हळद हाय. तिच्या बारशाला चूल मीच मांडली होती, सारिके. तिच्या हळदीला दुसऱ्याच्या हातचा रस्सा? मग मी कोण? घरात बसलेला म्हातारा?"

"आज पाटावरनं उठता येत नाही, टोपाला हात कसा लावणार?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, सासऱ्याला असं कुणी बोलतं? बाबांनी रिकामी वाटी तिच्याकडं सरकवली.

"रुपाला घेशील ना संगती?" ते म्हणाले. "तिला बरं वाटंल जीपमधी."

सकाळची जीप माणसांनी भरून निघाली. ढगांच्या सावल्या भाताच्या हिरव्या खाचरांवरून जीपच्या पुढं पुढं पळत होत्या. माहुलीचे सुळके कुणी अर्धे पुसून ठेवल्यासारखे धुक्यात उभे होते. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या सारिकाची मान कलली. तिला दिसलं, भरल्या भातसा नदीतून टोपच टोप वाहत चाललेत, होड्यांसारखे, प्रत्येकातून वाफ निघतेय, आणि बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेकाला हात लावताहेत. लावताहेत आणि सोडून देताहेत. सापगावचा पूल लागला, जीप आदळली आणि ती जागी झाली. बाबा सीटच्या काठालाच बसले होते, रुपाला एका हातानं घट्ट धरून.

डॉक्टरीणबाई वयानं सारिकाएवढीच असेल. तिनं पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. घरातलं होतं नव्हतं ते सगळं औषध सारिकानं आणलं होतं. त्यात घशासाठी बाबांनी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या कॅप्सूलची पट्टी निघाली.

"ह्या कधी घेतल्या?"

"गटारीच्या आसपास. धुरानं घसा धरला होता."

"या आणि ती पांढरी, दोघींचं जमत नाही, स्नायूंना इजा होते. आणि त्यात तुम्ही एकदम तीन घेतल्यात." तिनं त्यांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या. "लघवीचा रंग कसा होता? गडद? काळ्या चहासारखा?"

बाबांनी सुनेकडं पाहिलं. सारिका उठली आणि खिडकीबाहेरच्या एसटीकडं अशी निरखून बघू लागली, जणू त्या गाडीनंच तिला कुठं जायचं होतं. पाठीमागं बाबा 'नाय, नेहमीसारखाच' असं पुटपुटले. "बरं," डॉक्टरीणबाई म्हणाली, "तरी रक्त बघू. तोवर ही बंद, आणि ते मी सांगते म्हणून. पुन्हा आपल्या मनानं बंद नाही, आपल्या मनानं जास्त नाही."

"पण बाय," बाबांनी धीर केला, "मटण नाय खाल्लं, तर चरबी येते कुठनं?"

डॉक्टरीणबाई हसली नाही, हे सारिकाच्या पुढं कायम लक्षात राहिलं.

"बकऱ्याची कलेजी कापता ना तुम्ही? तसं यकृत आपल्यातही असतं. ते स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करतं. दिवसा, रात्री, झोपेत. उपास असला तरी."

"श्रावणात पण?"

"श्रावणात पण. ही गोळी जेवणावर काम नाही करत, त्या कलेजीवर करते. म्हणून रोज. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही घ्यायच्या. आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. कुणाला काय चालू आहे, तुम्हाला काय माहीत?"

बाबांनी हळूच आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. आयुष्यभर किती कलेज्या त्यांच्या सुरीखालून गेल्या असतील. त्यातली एक आपल्या आत बसून, कुणी न बोलावता, कुणी न चाखता, रात्रंदिवस शिजवते आहे, याचं त्यांना भय वाटण्यापेक्षा नवलच जास्त वाटलं असावं.

"म्हंजे आत चूल चालूच?"

"चालूच."

"आन् टोप?" त्यांनी विचारलंच. "माझा टोप?"

"रांधा की. चाखण्यापुरतं चाखा. पण भरला टोप उचलायचा नाही. आत्ता नाही, पुढंही नाही."

परतीच्या वाटेवर वाशिंदला सुनिलला फोन करून सारिका सगळं सांगत होती तेव्हा बाबा म्हणाले, "बुधूला पण सांग. त्याला बीपीची गोळी चालू हाय, माझ्या ध्यानातच नाय आलं."

रक्तातला स्नायूंचा आकडा किंचित वाढलेला आला, मग उतरला. पायातला ठणका गेला. डॉक्टरीणबाईनं दुसरी, कमी ताकदीची गोळी लिहून दिली. ती बाबा रोज घेऊ लागले, एकादशीला आणि संकष्टीलाही, समोर बसलेल्या सुनेला जीभ बाहेर काढून दाखवत. रुपालाही तो खेळ आवडला. तीही जीभ काढून दाखवे.

तुळशीची लग्नं झाली. छायाच्या हळदीचा मांडव पडला.

दिवस मावळता मावळता सारिका रुपाला कडेवर घेऊन तिथं पोचली. चुलींचा धूर मांडवाच्या कापडाखाली साचला होता, त्यात पिवळे दिवे तरंगत होते आणि हळद लावलेल्या बाया पाण्याखालून चालाव्यात तशा हलत होत्या. चुलीपासून हातभर दूर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत नवशाबाबा बसले होते. त्यांचा जुना जोडीदार संजू घामाघूम होऊन टोप ढवळत होता.

"लसूण कच्चा हाय," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले.

"न चाखता कसं कळलं?"

"वास येतो ना रे. थांब जरा."

संजू थांबला. मग डावाच्या टोकानं रस्सा त्यांच्या तळहातावर सोडला. बाबांनी तो जिभेला लावला, डोळे मिटले. बाया हसायच्या थांबल्या. बुधू डोक्यावरचा नवरीच्या बापाचा फेटा सावरत उभा राहिला.

"उतरव," बाबा म्हणाले.

मांडवात पुन्हा आवाज सुरू झाला. सारिकानं त्यांना ताट आणून दिलं. भात, डाळ आणि वर मटणाचे दोन तुकडे. ते जेवले. तिनं पदराच्या गाठीतली गोळी काढून त्याच तळहातावर ठेवली, हळदीनं पिवळ्या झालेल्या.

"नवशादा," बुधू ओरडला, "एक मला?"

"तुझी तू डॉक्टरकडनं आण! आन् पहिलं अंड्याचं सांग त्यांना."

बुधूच्या बायकोनं गर्रकन मान वळवली. त्या हशातच त्यांनी गोळी गिळली.

पलीकडं चौघांनी फडकी गुंडाळून टोपाच्या कड्यांना हात घातले. "हं, उचला." वाफेचा लोट उठला आणि ते चौघं त्यात कमरेपर्यंत नाहीसे झाले. खुर्चीत बसल्या बसल्या नवशाबाबांचे दोन्ही हात मांडीवरून सावकाश वर आले, बोटं रिकाम्या हवेत वळलेली. टोप पंगतीपाशी जाऊन नीट टेकला, तेव्हाच ते हात खाली उतरले.