भरलेल्या गाडीचा आवाज

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि बाबा नेहमीसारखे मधल्या सीटवर डावीकडे बसले होते. मागे बसलं की आईला मळमळतं, म्हणून पुढची सीट कायमची आईची. बाबांची नजर संध्याकाळ झाली की दगा द्यायची, म्हणून स्टिअरिंग मुलीकडे. बाबांच्या शेजारी मावशी होती आणि तिच्या गच्चीवरच्या मातीने भरलेल्या कुंड्यांनी डिकी गच्च झाली होती.

गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली.

“ऐकलंस?” बाबा म्हणाले.

“काय?”

“मागे. धप्प, आणि मग टक्.”

“नाही हो बाबा.”

“या माणसाला दाराची बेल ऐकू येत नाही,” आई म्हणाली, “आणि गाडीच्या पोटातलं बरं ऐकू येतं!”

मावशी इतकी हसली की मांडीवरची कुंडी तिला दोन्ही हातांनी धरावी लागली. बाबाही हसले. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं. “आता करा माझी हवी तेवढी थट्टा. मला काही कळणार नाही.”

पुढच्या वळणावर रस्ता उखडलेला होता. गाडीची मागची बाजू क्षणभर बाहेर सरकल्यासारखी झाली आणि पुन्हा जागेवर आली. मुलीने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“आत्ताचं ऐकलंस?” यंत्र खिशात असतानाच बाबांनी विचारलं.

तिने आरशात त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाही.

मंगळवारी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले. त्यांच्या जाण्याशी गाडीचा काडीचाही संबंध नव्हता. तरी भेटायला आलेल्या लोकांचा पाय अंगणातल्या गाडीपाशी अडखळायचा आणि कोणीतरी म्हणायचंच, “केवढ्या हौसेने घेतली होती.”

ते खरं होतं. सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून त्यांनी ही मोठी गाडी घेतली होती. अजून ती नवीच म्हणायची. पण घेतल्याला वर्ष होतं न होतं तोच बाबांनी आवाजाचं टुमणं लावलं. सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथला माणूस एक चक्कर मारून यायचा आणि अदबीने सांगायचा, “काका, आम्हाला तर काही ऐकू आलं नाही.” बाबा हिरमुसून परत यायचे. घरात त्यावर एखादा विनोद व्हायचा आणि विषय संपायचा.

बाबा गेल्यावर काही आठवड्यांनी भाऊ आला, बायको आणि दोन मुलांसकट.

“ताई, गाडी घेऊन जातो चार दिवस,” तो म्हणाला. “डोंगरावर न्यायचं कबूल केलंय पोरांना. त्यांचंही मन रमेल जरा.”

तिने किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी सगळे सामान आणायला बाजारात गेले. परतताना भाऊ चालवायला बसला, आई पुढे, आणि मुलीच्या वाट्याला मधली डावी सीट आली. गाडी घेतल्यापासून ती एकदाही तिथे बसली नव्हती. शेजारी भावजय, सर्वांत मागच्या सीटवर भाचा आणि भाची, आणि त्यांच्या पायाशी, पाठीशी पिशव्याच पिशव्या.

गतिरोधक आला आणि तो ठोका तिला कानात नाही, माकडहाडात जाणवला. धप्प. मग टक्, सीटच्या खालून, पाठीच्या कण्यातून वर.

“गाडी थांबव,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“मागे काहीतरी आपटतंय.”

भावाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. “ताई! बाबांची गादी तू चालवणार का आता?”

“हसू नकोस. मुलं ज्या सीटवर बसलीत ना, बरोबर तिच्याखाली आहे ते.”

“अगं, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी इतक्यांदा बघितली गाडी. काही असतं तर सापडलं नसतं?”

या प्रश्नाचं उत्तर तिला सकाळी मिळालं. निघण्याआधी एकदा दाखवून तरी येऊ, इतपत तिने भावाला कबूल करायला लावलं होतं. ती खाली उतरली तेव्हा आई डिकी रिकामी करत होती. पिशव्या ओट्यावर, पाण्याचे कॅन पायरीवर, मागची सीट दुमडलेली. हातात ओलं फडकं.

“आई, हे काय?”

“परक्याच्या हातात गाडी द्यायची ती अशी पसाऱ्यासकट? लोक काय म्हणतील? तुझ्या बाबांनाही मी दर वेळी लख्ख करूनच द्यायचे.”

मुलगी पायरीवरच थबकली. दर वेळी. गाडी लख्ख आणि रिकामी. चालवायला एकटा माणूस. आणि बाबा तिकडे बाकावर, हात मांडीवर ठेवून वाट बघत. वजन नाही, तर आवाज कुठून येणार?

यातलं ती आईला काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, “आई, सगळं परत भर. आणि तूही बस.”

सर्व्हिस सेंटरचा माणूस बाबांना ओळखत होता. बाबा गेल्याचं तिने त्याला सांगितलं. मग त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. “एक चक्कर मारून येतो, मॅडम.”

“एकटे नाही,” ती म्हणाली. “आम्ही सगळे येणार.”

“सगळे?”

“सामानासकट. बाबा असेच बसायचे.”

त्याने आत डोकावून बघितलं. मागे दोन मुलं, त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला भाऊ, मध्ये भावजय, पुढे पर्स छातीशी धरलेली आई. “वरातच आहे की,” तो पुटपुटला आणि चालवायला बसला.

सर्व्हिस सेंटरच्या मागे एक उखडलेला रस्ता होता. पहिल्या खड्ड्याला धप्प झालं. दुसऱ्याला धप्प आणि टक्. वळणावर गाडीची मागची बाजू सरकली आणि भाची किंचाळली, “बाबा!” भावाने तिला जवळ ओढलं. आता तो हसत नव्हता.

त्या माणसाने गाडी कडेला घेतली, खाली उतरून मागच्या चाकाशी वाकला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो तेलाने काळा होऊन.

“शॉकअपमधलं तेल गळतंय,” तो म्हणाला. “सांध्यातलं रबरी बुशही गेलंय, तेच टक् वाजतंय. इतक्या लवकर जायला नको होतं.” मग भावाकडे वळून म्हणाला, “साहेब, माणसं भरून ही गाडी डोंगरात नेऊ नका. उतारावर, वळणावर मागचं चाक रस्ता सोडू शकतं.”

“नाही नेत,” भाऊ म्हणाला.

सगळे पुन्हा बसले. गाडी अगदी सावकाश मागे फिरली. आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर ते ओलं फडकं तसंच होतं.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी गतिरोधक होता. पुढची चाकं उतरली, मग मागची.

“ऐकलंत, मॅडम?” त्या माणसाने विचारलं.

तिचा तळहात सीटवर होता, बाबांचा असायचा तिथे. ठोका तळहातातून वर आला. आरशात तिला तो माणूस दिसला, पण तिने उत्तर दिलं ते त्याला नव्हे.

“हो बाबा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. “ऐकलं.”